पेशंटबाईचा अंगठा

एकोणीस वर्षं या बाईनं आजारी पडण्याचा पगार घेतला. हसू नका, अगदी खरं आहे. आणि या एकोणीस वर्षांत साध्या सर्दीसाठीसुद्धा तिची एक रजा पडली नाही, हेही तितकंच खरं.

नर्सिंग शाळेच्या तळमजल्यावर प्रॅक्टिकलची खोली होती. तीन लोखंडी खाटा, हात धुवायचं बेसिन, चाकाची खुर्ची, आणि छताला ओल येऊन पडलेला एक मोठा डाग. बाई तिथं आली होती फरशी पुसायला. एका परीक्षेला ठरलेला पेशंट आलाच नाही. बाहेरून आलेले परीक्षक घड्याळ बघत बसलेले, मुली रडकुंडीला आलेल्या. मेट्रनबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि फर्मान सोडलं, "ए, तो फडका ठेव आणि झोप इथं." ती झोपली. त्या दिवशी तिला कागदावर ताप होता. दुसऱ्या दिवशी डावा पाय मोडला. तिसऱ्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालं. मग काय, ही पडली ती पडलीच. खरं नाव हजेरीपटावर राहिलं आणि सगळं गाव तिला पेशंटबाई म्हणायला लागलं. नवरा प्लंबर, जरा थट्टेखोर. तोसुद्धा जेवताना विचारायचा, "काय पेशंटबाई, आज काय मोडलंय?"

झोपून राहणं सोपं वाटतं ना? राहून बघा एकदा. कुणी गारेगार स्टेथोस्कोप न सांगता छातीला टेकवतं. कुणी दंडाचा पट्टा असा आवळतं की बोटांना मुंग्या येतात. कुणी कुशीवर वळवताना पोतं लोटल्यासारखं लोटतं. आणि आपण तोंडातून ब्र काढायचा नाही, कारण पेशंटनं बोलायचं नाही असा परीक्षेचा नियम. पण पडल्या पडल्या तिच्या अंगाला सगळा अभ्यास पाठ झाला. आधी हात धुण्याचा आवाज, मग नाव सांगणं, मग खाट खाली, खुर्ची जवळ, ब्रेक. कुठलीही पायरी चुकली की तिला डोळे मिटून कळायचं.

आणि इथंच तो अंगठा आला.

एका परीक्षेत एक मुलगी पार गोंधळून गेली होती. खुर्चीचा ब्रेक लावायचा विसरून ती पेशंटला उठवायला निघाली. पेशंटबाईचा जीव कळवळला. बोलायची तर बंदी. तिनं चादरीबाहेर आलेला उजव्या पायाचा अंगठा हलवला. मुलगी थबकली, आठवलं, ब्रेक लावला, पास झाली. अहो, अशा गोष्टी लपून राहतात का? पुढच्या वर्षापासून प्रत्येक जुनी मुलगी नव्या मुलीच्या कानात सांगायची, "काही सुचलं नाही तर अंगठ्याकडे बघ." परीक्षकांना पत्ता नाही. पोरी पास व्हायच्या, जाताना पाया पडायच्या, आणि ज्या अंगठ्यानं पास केलं त्याला जरा जास्तच वेळ हात लावायच्या. पेशंटबाईला मनातून बरं वाटायचं. कुणाचं तरी आपल्यामुळे भलं होतंय, यात वाईट ते काय, असं ती म्हणायची.

वाईट काय ते तिच्या सासूबाईंना कळलं. कंबरेच्या हाडावरून.

सासूबाई वरच्या मजल्यावर दवाखान्यात ॲडमिट होत्या, साध्या तापासाठी. वॉर्डातल्या मुलीनं त्यांना कुशीवर वळवलं, पांघरूण घातलं आणि खाटेचा कठडा वर करायचा विसरून गेली. म्हातारं माणूस, झोपेत वळलं आणि फरशीवर आलं. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. पेशंटबाई धावत वर गेली तर दाराशी तीच मुलगी उभी, पांढरीफटक. पेशंटबाईनं तिला ओळखलं. आठ महिन्यांपूर्वी हीच मुलगी परीक्षेत कठडा विसरली होती. आणि आपणच अंगठा हलवून तिला पास केलं होतं.

ती गोष्ट पेशंटबाईनं कुणालाच सांगितली नाही. नवऱ्याला नाही, मेट्रनबाईंना नाही, सासूबाईंना तर नाहीच नाही. पण त्या दिवसापासून परीक्षेला झोपताना तिनं पायात मोजे घालायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणायची, पायांना गारठा लागतो. त्या वर्षी सात मुली नापास झाल्या. पोरींनी तिच्याशी बोलणं टाकलं. टाकू दे, ती म्हणाली.

मग वरून हुकूम आला. पेशंटच्या अंगाला हात लावणाऱ्या प्रत्येकाकडे, अगदी मदतनिसाकडेसुद्धा, परीक्षा पास होऊन मिळालेला परवाना हवा. सहा महिन्यांची मुदत, दोनच संधी. त्याच टपालानं दुसरंही पत्र होतं. पुढच्या वर्षापासून परीक्षेच्या खाटेवर रबराचा पुतळा झोपणार.

मेट्रनबाईंनी तिला खोलीत बोलावलं. मेट्रनबाई म्हणजे देहानं भरभक्कम आणि बोलण्यात तोलून मापून. "पुतळा आला की तुझं काम संपलं," त्या म्हणाल्या. "धुण्याच्या खोलीत जागा आहे. चादरींच्या घड्या घालायच्या. तिथं परवाना लागत नाही."

"आणि वॉर्डात?"

"वॉर्डात मदतनिसाची एक जागा आहे. पण त्यासाठी तुला परीक्षा द्यावी लागेल. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी."

"देते की," पेशंटबाई म्हणाली.

"विचार कर जरा."

"केला. वॉर्डात जायचंय मला. पुन्हा कुणाची म्हातारी पडू द्यायची नाही."

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, घड्या घाल ना सुखानं! या वयात पुस्तकं घेऊन बसणार?" पण सासूबाई खाटेवरून ओरडल्या, "बसू दे तिला! तुझ्या काय पोटात दुखतंय? तू नळ जोड." खुबा मोडल्यापासून सासूबाई अंथरुणावर होत्या, पण जीभ चांगली खणखणीत होती.

लेखी परीक्षेत तिनं बाजी मारली. पन्नासपैकी एक्केचाळीस. तिला वाटलं, आता प्रॅक्टिकल म्हणजे आपल्या डाव्या हातचा मळ. एकोणीस वर्षं तिथंच तर लोळलोय आपण!

आणि प्रॅक्टिकलला ती साफ आपटली.

कागदावर लिहिलं होतं, पेशंटची डावी बाजू लुळी. खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला ठेवायची, म्हणजे उजव्या. एवढं तर तिला झोपेतही ठाऊक होतं. तीच तर अडचण! तिला सगळं झोपूनच ठाऊक होतं. तिची उजवी म्हणजे खाटेवर उताण्या पडलेल्या बाईची उजवी. आता ती पायाशी उभी होती, समोर तोंड करून. तिनं आपल्या उजव्या हाताला खुर्ची लावली, झोकात ब्रेक लावला आणि लुळ्या बाजूनं पेशंटला उभं करायला गेली. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "थांबा. पडली तुमची पेशंट."

पडली. सासूबाईंसारखीच. ती घरी चालत आली, बसनं नाही. अर्ध्या वाटेत रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसून तिनं मनसोक्त रडून घेतलं, तोंड पुसलं, उठली.

"नापास," तिनं दारातूनच सांगितलं.

"कशात?" सासूबाईंनी विचारलं.

"डाव्या-उजव्यात."

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "अगं वेडे, सरावाला पेशंट हवा ना तुला? मी काय इथं शोभेला पडलेय? माझी डावी बाजू खरोखरची मोडलेली आहे. चुकलीस तर मी खरोखरच बोंब मारीन. आण खुर्ची."

दुसऱ्या दिवसापासून घराचं हॉस्पिटल झालं. नवऱ्यानं नळाचा पाइप कापून सासूबाईंच्या खाटेला कठडा बसवला, वर-खाली होणारा. बिजागरी कुरकुरायची. पाच महिने रोज सकाळ-संध्याकाळ सराव. सासूबाई परीक्षकांच्याही वरचढ निघाल्या. "हात धुतलेस? मला कसं दिसणार, पाण्याचा आवाज करून धू." "नाव सांग. सून असलीस म्हणून काय झालं?" "न सांगता अंगाला हात लावायचा नाही, दचकते मी." आणि प्रत्येक वेळी शेवटी, कुशीवर वळून झाल्यावर, एकच आरोळी, "कठडा!"

ती आरोळी आली की पेशंटबाईला परीक्षेतली ती मुलगी आठवायची. सांगून टाकावं, असं शंभरदा ओठांवर आलं. आई, तुम्ही पडलात ते माझ्यामुळे. शंभरदा गिळलं. आधी पास होईन, मग सांगेन, असं तिनं स्वतःला बजावलं. रिकाम्या हातांनी माफी मागायची नाही.

डाव्या-उजव्याचा गुंताही तिनं तिच्या परीनं सोडवला. खाटेच्या पायाशी जायचं आणि पेशंटकडे चक्क पाठ करून उभं राहायचं. मग तिचा उजवा तोच पेशंटचा उजवा. तिथं बोट दाखवून ठेवायचं आणि मग वळायचं. नवरा म्हणाला, "लोक हसतील." ती म्हणाली, "हसू देत. पडणार तर नाही ना कुणी?"

दुसरी आणि शेवटची संधी आली. रबराचा पुतळा अजून खोक्यातच होता, आणि खाटेवर झोपायला माणूस मिळेना. रोजची पेशंटच आज परीक्षेला उभी! बाहेरून आलेले परीक्षक नवे होते, उंच, चष्म्याच्या वरून बघणारे. ते घड्याळ बघायला लागले. मेट्रनबाईंनी इकडंतिकडं बघितलं. मग चप्पल काढली, कडक इस्त्रीचा गणवेश सावरला आणि स्वतः खाटेवर आडव्या झाल्या. खाट करकरली. दारात उभ्या असलेल्या पोरींनी तोंडाला ओढण्या लावल्या.

कागद मिळाला. पेशंटची उजवी बाजू लुळी. पाच महिने डाव्या बाजूची घोकंपट्टी, आणि आता हे उलटं! असो. तिनं बेसिनवर हात धुतले, चांगले खळखळून. नाव सांगितलं. काय काय करणार ते सांगितलं. स्टेथोस्कोप तळहातावर चोळून गरम केला आणि मग छातीला लावला. मेट्रनबाईंनी एक डोळा उघडून मिटला. मग ती पायाशी गेली आणि पाठ करून उभी राहिली.

"कुठं निघालात?" परीक्षकांनी विचारलं.

"कुठं नाही, सर. डावं शोधतेय," ती म्हणाली, आणि डावीकडे बोट धरून वळली.

दारातून खी-खी ऐकू आलं. तिनं लक्ष दिलं नाही. खुर्ची मेट्रनबाईंच्या डाव्या हाताला लागली. ब्रेक लागला. पाय ठेवायच्या पट्ट्या वर गेल्या. मेट्रनबाईंना तिनं खाटेच्या कडेवर बसवलं आणि चक्कर येतेय का विचारून मिनिटभर थांबली. त्या भरभक्कम देहाला तिनं गुडघ्यात वाकून, पाठीला ताण न देता असं उचलून धरलं की परीक्षक पेन घेऊन पुढे सरकले. खुर्चीत बसवलं, परत खाटेवर आणलं. कुशीवर वळवलं. पाठीला उशी. पांघरूण. आणि कठडा! तो तर हातानं आपोआप वर गेला, खट्ट आवाज झाला, तिनं हलवून खात्री केली.

"झालं?" परीक्षकांनी विचारलं.

ती "हो" म्हणणार होती. पण काहीतरी राहिलंय, असं तिला वाटलं. काय ते आठवेना. मिनिटं पळत होती. नजर खाली गेली आणि तिला दिसलं, चादरीच्या टोकाबाहेर आलेल्या मेट्रनबाईंच्या पायाचा अंगठा हलत होता. एकदा. थांबून पुन्हा एकदा.

अरे देवा! म्हणजे या बाईला सगळं ठाऊक होतं तर!

एकदा मेट्रनबाईंच्या तोंडाकडे बघितलं असतं तर पुरलं असतं, काय राहिलंय ते त्यांनी नजरेनंच दाखवलं असतं. तो अंगठा तिला सांगत होता, राहिलंय काहीतरी, हो म्हणू नकोस. पाच महिन्यांचे कष्ट, वॉर्डातली जागा, घरी वाट बघणारी म्हातारी, सगळं त्या अंगठ्यावर येऊन बसलं होतं. पेशंटबाई पायाशी गेली. तिनं चादर ओढली आणि मेट्रनबाईंचे दोन्ही पाय नीट झाकून टाकले, कडा गादीखाली खोचून.

"एक मिनिट, सर," ती म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

तिनं छतावरचा डाग आठवला. आपण खाली झोपलोय. कुशीवर वळवलं. उशी आली. पांघरूण आलं. कानाशी कठड्याचं खट्ट. मग? मग मुलगी जायच्या आधी काय करते? तिनं मनातल्या मनात आपला उजवा तळहात चाचपला. एकोणीस वर्षं प्रत्येक परीक्षेच्या शेवटी त्या तळहातात काहीतरी आलं होतं, गार, गोल, वायर लावलेलं. बेल! पेशंटच्या हातात बेल द्यायची, म्हणजे गरज लागली तर बोलावता येईल. घरी बेल नव्हती. सासूबाईंना बेल कशाला, त्यांचा आवाज चार घरं ऐकू जायचा. म्हणून सरावात बेल कधी आलीच नाही.

तिनं बेल उचलली, उजव्या हाताकडे नेली आणि मधेच थांबली. उजवा हात लुळा आहे हिचा. लुळ्या हातानं कशी दाबणार? तिनं वळसा घालून बेल मेट्रनबाईंच्या डाव्या हातात ठेवली आणि बोटं मिटवली. "काही लागलं तर दाबा, मी जवळच आहे."

"आता झालं, सर," ती म्हणाली.

परीक्षक लिहीत बसले. मग कागद घेऊन बाहेर गेले. पोरीही पांगल्या. मेट्रनबाई मात्र उठल्या नाहीत. छताकडे बघत पडून राहिल्या.

"हा डाग किती वर्षांचा आहे गं?" त्यांनी विचारलं.

"मी आले त्याच्याही आधीचा."

"मला आजवर दिसलाच नाही." त्यांनी मान वळवली. "पाय का झाकलेस? तू बघितलं होतंस."

"बघितलं होतं."

"मग? तुला गमावायचं नव्हतं मला. आयुष्यात पहिल्यांदा मी असलं काही केलं."

पेशंटबाई म्हणाली, "माझ्या सासूबाई पडल्या ना, त्या मुलीला मीच अंगठा हलवून पास केलं होतं. कठड्यावरच अडली होती ती. वॉर्डात कुठून येणार अंगठा?"

मेट्रनबाईंनी हातातली बेल उशीशी ठेवली. मग म्हणाल्या, "कठडा खाली कर. मला उठायचंय."

निकाल अकराव्या दिवशी लागला. पास. परवान्याचं कार्ड हातात घेऊन ती घरी आली, बसनं आली, आणि चपला न काढताच सासूबाईंच्या खाटेशी गेली. कार्ड त्यांच्या हातात दिलं. सासूबाईंनी ते डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. "फोटो बरा नाही आला," म्हणाल्या, आणि ते पुन्हा डोळ्यांजवळ नेलं.

"आई, एक सांगायचंय," पेशंटबाई म्हणाली आणि जमिनीवर बसली. सगळं सांगितलं. ती मुलगी, तो कठडा, तो अंगठा. सांगून झाल्यावर मान वर करायची तिची हिंमत होईना.

"ठाऊक आहे मला," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"त्या पोरीनंच सांगितलं. दवाखान्यात माझ्या पायाशी बसून रडत होती. म्हणाली, आजी, मला येतच नव्हतं, तुमच्या सुनेनं वाचवलं."

"दोन वर्षं तुम्ही बोलला नाहीत?"

"बोलून काय माझं हाड जुळणार होतं? पहिल्यांदा राग आला होता, खोटं कशाला सांगू. आठ दिवस तुझ्याशी धड बोलले नाही, आठवतं? मग परीक्षेच्या दिवशी तू पायात मोजे घालून निघालीस ते बघितलं. म्हटलं, समजलंय हिला. आता ही रडत बसते की काही शिकते, बघू." त्यांनी कार्ड उशीखाली सरकवलं. "शिकलीस. आता ऊठ. मला खुर्चीत बसायचंय, दाराशी. शेजारणीला सांगायचंय, आमच्या घरात परवानेवाली आहे म्हणून."

पेशंटबाईनं डोळे पुसले आणि खुर्ची ओढायला गेली.

"हात धुतलेस?" सासूबाई ओरडल्या.

ती मागे फिरली. मोरीवर जाऊन, त्यांना ऐकू जाईल असे, खळखळून हात धुतले.